सगळ्यासाठी एकच कॅमेरा घ्यायचाय, कोणता घेऊ? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रेक, घरची बारशी-मुंजी, गणपती, वर्षातनं एखादं जंगल, मधेच कुठलं तरी फूल नाहीतर पक्षी, असं सगळं थोडं थोडं काढणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो, त्यांनी यावर जाऊ नये. किमती ढोबळ आहेत, दिवाळीच्या ऑफरमध्ये पाच-सात हजार इकडेतिकडे होतात.

मोबाईलच एवढा भारी आहे, मग कॅमेरा कशाला?

दिवसाउजेडी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे असतील तर खरंच नको, पैसे वाचवा. फरक पडतो तो काहीतरी लांबचं असेल तेव्हा, उजेड कमी आणि माणसं हलतायत अशा वेळी, नाहीतर फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तेव्हा. मोबाईल अंधारात पटापट चार-आठ फोटो काढून त्यांचा एक करतो, देऊळ जागचं हलत नाही म्हणून ते जमून जातं, पण मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या बायका असल्या की चेहरे फरफटलेले येतात आणि मग सॉफ्टवेअर त्यावर इस्त्री फिरवतं. सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप; एपीएस-सी, म्हणजे मधल्या आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो साधारण २३.५ बाय १५.६ एमएम असतो, म्हणजे चांगल्या महागड्या मोबाईलच्या मेन सेन्सरच्याही कितीतरी पट मोठा. तेवढा जास्त उजेड आत येतो, बाकी जादू काही नाही.

ऑलराउंड कॅमेरा म्हणजे नक्की काय बघायचं?

आधी मोबाईलची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले फोटो खाली सरकवत बघा. कशाचे जास्त आहेत? घरातली पोरं, जेवणाची ताटं, डोंगर, गाड्या? बहुतेकांच्या गॅलरीत माणसं आणि फिरणंच निघतं, आणि तेच लोक दुकानात जाऊन वाघासाठी कोणता कॅमेरा चांगला असं विचारतात. ताडोबाचे चार तास डोक्यात ठेवून कॅमेरा घेतला तर उरलेलं वर्षभर दोन-अडीच किलोचं धूड गळ्यात घालून फिरावं लागतं आणि मग तो कपाटातच राहतो.

माझं सरळ मत असं की मधल्या किमतीची एपीएस-सी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), तिच्यावर सगळीकडे चालणारी एक मोठ्या रेंजची झूम आणि अंधारासाठी एक स्वस्त प्राइम लेन्स (झूम न होणारी, पण जास्त उजेड आत घेणारी) एवढं घ्यावं. जे वर्षातनं एकदा-दोनदाच लागतं ते भाड्याने आणावं. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून इथेच येतं.

डीएसएलआर घेऊ का मिररलेस?

नवीन घेताय तर मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमध्ये असतो तो आतला आरसा नसलेला. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नव्या डीएसएलआरवर कामच जवळपास थांबवलंय, नवीन लेन्स सगळ्या मिररलेसच्याच माउंटला (लेन्स बसते त्या खाचेला) येतायत. शिवाय डोळा ओळखून तिथेच फोकस धरून ठेवणं हा जो प्रकार आहे ना, तो पळणाऱ्या पोरांचे फोटो काढणाऱ्याला एकदा वापरला की सोडवत नाही. डीएसएलआरची बॅटरी मात्र जास्त चालते हे खरं, मिररलेसला दुसरी बॅटरी घ्यावीच लागते. घरात कुणाचा जुना डीएसएलआर पडून असेल तर शिकायला तोच घ्या, आधी वर्षभर वापरा.

फुल फ्रेम घेतला तर एकदाच खर्च होईल ना?

नाही होत. बॉडीचा एकदाच होतो, लेन्सचा सुरूच राहतो. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ एमएम, जुन्या फिल्मच्या आकाराचा सेन्सर. कमी उजेडात तो चांगला आहेच, पण त्याला शोभतील अशा लेन्स महाग आणि जड असतात. एपीएस-सीवर लांबचं काढताना उलट फायदाच होतो, सेन्सर लहान म्हणून चित्राचा मधलाच भाग येतो, त्या १.५ क्रॉपमुळे ४०० एमएमची लेन्स ६०० एमएमसारखी दिसते, कॅननमध्ये क्रॉप १.६ म्हणजे ६४०. पक्षी-प्राणी हा थोडाफार जरी नाद असेल तरी हे कामाचं आहे.

किती मेगापिक्सेल पाहिजेत?

२० ते २६, बस. बारा बाय अठरा इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, गुणाकार करा, १९.४ मेगापिक्सेल येतो. फोर-के टीव्हीला तर साडेआठच्या आत भागतं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने जो पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा, त्या मानाने आपण सगळेच श्रीमंत आहोत.

कॅनन, निकॉन, सोनी की फुजी?

ह्या प्रश्नावर लोक भांडतात, पण या किमतीत कुणीच वाईट कॅमेरा बनवत नाहीये. मी जे बघतो ते सांगतो.

कॅनन आर ५० हलका आहे, मेनू सोपा, किट लेन्ससकट (बॉक्समध्येच येणारी लेन्स) साठ-सत्तर हजारात येतो, पहिला कॅमेरा म्हणून छान. पण त्यात सगळं टचस्क्रीनवर आहे, डायल कमी, आणि जुन्या पद्धतीचा फ्लॅश थेट बसत नाही, अडॅप्टर घ्यावा लागतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत. थोडे जास्त घालता येत असतील तर आर १० बघा, दोन डायल आहेत आणि १८-१५० लेन्सबरोबर (१८ ते १५० एमएम, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं) मिळतो, तो सेट म्हणजे ऑलराउंडची व्याख्याच आहे असं म्हटलं तरी चालेल.

निकॉन झेड ५० टू हा २०२४ च्या शेवटी आला, २०.९ मेगापिक्सेल, आणि ऑटोफोकस वरच्या महागड्या मॉडेलांच्या पठडीतला, पक्षी वेगळे ओळखणारा. हातात पकड इतकी छान बसते की मोठे हात असलेल्यांनी एकदा धरून बघावाच. १६-५० आणि ५०-२५० अशा दोन लेन्सचा सेटही मिळतो, नाहीतर एकच १८-१४० घ्यायची.

सोनीत ए ६४०० जुना झालाय पण ऑटोफोकस अजून चालतो. ए ६७०० मस्त, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, फक्त नुसत्या बॉडीलाच लाखाच्या वर जातात. सोनीचं खरं बळ म्हणजे सिग्मा-टॅमरॉन या बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सची रेलचेल. कॅननने आपल्या आरएफ माउंटवर एपीएस-सीसाठी अशा बाहेरच्या कंपन्यांना २०२४ मध्ये कुठे दार उघडलं.

फुजीचे रंग आवडणारे लोक असतात, त्यांना दुसरं काही सांगून उपयोग नसतो, घेऊ द्या.

आणखी एक, मित्राकडे किंवा भावाकडे ज्या कंपनीचा असेल ती घेतली तर लेन्स उसनी मिळते. हा मुद्दा कुठल्याच रिव्ह्यूमध्ये येत नाही पण पैसे मात्र सगळ्यात जास्त हाच वाचवतो.

किट लेन्स पुरेल का?

बॉक्समधली छोटी १६-५० किंवा १८-४५ ही दिवसाउजेडी, समोर जे आहे त्याच्यासाठी ठीक. अडचण अशी की ५० एमएमला ती संपते, आणि तुम्ही स्टेजपासून पाचव्या रांगेत बसलेले असता. म्हणून म्हणतो की घेतानाच कॅननची १८-१५०, निकॉनची १८-१४० किंवा सोनीची १८-१३५ यातली आपापल्या कंपनीची लेन्स घ्या. १८ ला अख्खा राजगडाचा बालेकिल्ला मावतो, १४० ला समोरच्या डोंगरावरचं एकटं झाड येतं, आणि पाऊस-धुळीत लेन्स बदलायची वेळ येत नाही. प्युअर क्वालिटीवाले नाकं मुरडतील, मुरडू द्या, बदलायच्या नादात गेलेला फोटो कुठल्याच क्वालिटीचा नसतो.

ह्या झूम लांबच्या टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ वर जातात (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं भोक लहान, उजेड कमी), म्हणजे संध्याकाळी हॉलमध्ये गेलात की हात टेकतात. त्यासाठी दुसरी लेन्स म्हणून प्राइम. कॅननची ५० एमएम एफ १.८, निकॉनची ४० एमएम एफ २, सोनीवर सिग्माची ३० एमएम एफ १.४. एफ ६.३ पेक्षा एफ १.८ वर साधारण बारा पट उजेड आत येतो, हा फरक बॉडी बदलून मिळत नाही.

सुपरझूम कॅमेरा घेतला तर लेन्सची कटकटच नको ना? ८३ एक्सवाला बघितला.

निकॉन पी ९५० म्हणताय. २४ ते २००० एमएमची रेंज, चंद्रावरची विवरं दिसतात, लोक खूश होतात. पण सेन्सर अगदी छोटा, १/२.३ इंची, एपीएस-सीच्या तेराव्या हिश्शाचा. उन्हात पाणथळीच्या कडेचे पक्षी नोंदीसाठी टिपायचे असतील तर त्याच्यासारखं स्वस्त साधन नाही, खूप पक्षीनिरीक्षक तेवढ्यासाठीच वापरतात. मात्र घरातला वाढदिवस काढायला गेलात तर मोबाईल बरा वाटेल. म्हणजे पक्षी हेच मुख्य असेल तरच घ्या.

ताडोबाला जायचंय, वाघासाठी काय?

तिथे मोबाईल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे कॅमेरा असलाच पाहिजे, निदान आठवण म्हणून तरी. वाघ कधी जिप्सीच्या अगदी जवळनं जातो तेव्हा १८-१४० सुद्धा पुरते, कधी पाण्याच्या पलीकडे बसलेला असतो तेव्हा ४०० पण कमी पडते. सफारीपुरती १००-४०० किंवा १५०-६०० भाड्याने घ्या, पुण्या-मुंबई-नागपुरात मिळते, ओळखपत्र आणि डिपॉझिट मागतात, पण लेन्सच्या किमतीच्या मानाने भाडं किरकोळ. सफारीच्या आदल्या दिवशी आणू नका, दोन दिवस आधी आणा आणि गच्चीवरनं कबुतरं-घारी काढून हात बसवा, नाहीतर पहिल्याच वाघाला स्टॅबिलायझरचं बटण शोधत बसाल.

जिप्सीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. रिकामी बीनबॅग न्यायची, मुक्कामी पोचल्यावर गावातल्या दुकानातनं दोन-तीन किलो तांदूळ नाहीतर राजमा घेऊन भरायची आणि गाडीच्या दांडीवर टेकवून तिच्यावर लेन्स ठेवायची. ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगायचं, चालू इंजिनची थरथर फोटोत उतरते. पहाटेच्या उजेडात आयएसओ (कमी उजेडातला फोटो उजळ करायचा आकडा) ३२०० ला घाबरू नका, दाणे दिसले तरी चालतात, हललेला वाघ नाही चालत.

कासच्या फुलांसाठी मॅक्रो लेन्स लागते का?

मॅक्रो म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळनं काढायची लेन्स, ती हवीच असं काही नाही. लेन्सच्या माहितीत मॅग्निफिकेशन असा एक आकडा असतो तो बघा. ०.२५ एक्स म्हणजे फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराच्या पावपट उमटतं. कॅननची १८-१५० जवळजवळ अर्ध्यापर्यंत जाते, झूमसाठी हे भरपूर आहे.

आता कासला सीतेची आसवं घ्या, निळं-जांभळं फूल, सेंटीमीटरभर असेल नसेल, बोटभर उंचीच्या काडीवर आणि सतत वाऱ्याने डुलणारं. अख्खा सडा निळा दिसतो तो फोटो मोबाईलपण काढतो. एकच फूल काढायचं तर झूम लांब करायची, एफ ८ ठेवायचं कारण एवढ्या जवळनं पाकळीचं टोक फोकसमध्ये आलं की मागचा देठ जातो, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि मग वारा थांबायची वाट बघत पाच-सहा फोटो सलग काढायचे. स्क्रीन फिरणारी असेल तर इथे तिचे पैसे वसूल होतात, चिखलात लोळावं लागत नाही. पायवाटेवरनंच काढा, फुलं तुडवून काढलेल्या फोटोचं कौतुक करू नका.

घरचे कार्यक्रम आणि लेण्या, दोन्हीकडे अंधारच. फ्लॅश की लेन्स?

लेण्यांचं आधी सांगतो कारण तिथे प्रश्नच मिटतो, अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे प्राइम लेन्स, जास्त आयएसओ आणि बॉडीत किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन. चित्र हलत नसल्यामुळे १/१५ ला सुद्धा श्वास रोखून काम होतं. माणसांना १/१५ चालत नाही, माणसं हलतात, तिथे १/१२५ च्या आसपास तरी पाहिजे.

घरातल्या बारशाला छोटा बाहेरचा फ्लॅश घेऊन तो पांढऱ्या छताकडे वळवा, समोरनं मारू नका, आजीचे डोळे दिपतात आणि भिंतीवर सावली पडते. आणि एलईडीच्या माळा, ट्यूबलाइट असतील तिथे फोटोत काळे पट्टे येतात, ते कॅमेरा बिघडल्यामुळे नसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. अशा वेळी शटर १/१०० ठेवा, माणसं शांत बसलेली असतील तर १/५० सुद्धा चालेल, आणि अँटी-फ्लिकर चालू करा. इलेक्ट्रॉनिक शटर अशा ठिकाणी बंद, मेकॅनिकलच, म्हणजे खरा पडदा पडणारंच वापरा. सोनीच्या झेडव्ही-ई १० च्या दुसऱ्या आवृत्तीत मेकॅनिकल शटरच नाही, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

मिरवणुकीत, वारीत, पावसात कॅमेरा खराब होईल का?

पावसापेक्षा गुलाल वाईट. पाणी पुसता येतं, गुलाल झूमच्या नळीत आणि डायलखाली जाऊन बसतो. जेजुरीचा भंडारा, जोतिबाचा गुलाल, तीच गोष्ट. अशा ठिकाणी एकच लेन्स लावून जायचं आणि घरी येईपर्यंत काढायची नाही, कितीही मोह झाला तरी. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, बॉडीला पारदर्शक प्लास्टिक पिशवी रबरबँड लावून, पुढनं लेन्सचं तोंड फक्त उघडं. घरी आल्यावर आधी ब्लोअरने उडवा, मग ब्रश, ओलं फडकं सगळ्यात शेवटी, नाहीतर रंग कालवला जातो.

दिवे घाटात पालखीबरोबर चालताना सर येते आणि जाते, तेवढ्याला वरची पिशवी पुरते. दर पावसाळ्यात भर पावसात ट्रेक करणार असाल तर सीलिंगवाली (पाणी-धूळ आत जाऊ न देणारी) बॉडी बघा, कॅनन आर ७, फुजी एक्स-टी ५, किंवा ओएम सिस्टमचा ओएम-५ ज्याला धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी ५३ रेटिंग आहे. लेन्सपण सीलिंगची हवी, एकट्या बॉडीचं असून काही होत नाही.

व्हिडिओ पण करायचाय.

वरचे सगळे फोर-के करतात. रील आणि घरचे कार्यक्रम यासाठी कुठलाही चालेल. फक्त व्हिडिओवाले म्हणून विकतात त्या सोनी झेडव्ही-ई १० आणि निकॉन झेड ३० मध्ये डोळा लावून बघायची खिडकीच नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. फोटो जास्त काढणार असाल तर खिडकी असलेलाच घ्या.

सेकंडहँड घेऊ का?

लेन्स बिनधास्त, बॉडी बघून. लेन्समधनं मोबाईलचा टॉर्च आरपार मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, किती का स्वस्त असेना नको. बॉडीचं शटर किती वेळा पडलंय तो आकडा विचारा, एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, आणि मूळ बिल मागा. बिल नाही म्हणाला तर तिथनं निघा, चोरीचा माल असू शकतो.

भाऊ अमेरिकेत आहे, तिकडनं मागवू?

वाचतात पैसे, पण बॉडीची वॉरंटी बहुतेक वेळा त्या देशापुरतीच असते, इथलं सर्व्हिस सेंटर दुरुस्ती करेल पण पैसे घेऊन. विमानतळावर ड्युटी-फ्री मर्यादेच्या वर गेलं तर कस्टमही लागतं. जपानमधनं आणणार असाल तर एक पक्कं लक्षात ठेवा, तिथल्या बाजारासाठीच्या बऱ्याच सोनी बॉडींमध्ये मेनू फक्त जपानी असतो, बदलता येत नाही. लेन्स मागवायला हरकत नाही, ती सहसा बिघडत नाही.

पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवायचा?

बॅगेत तर मुळीच नाही. कोकणात नाहीतर मुंबईत जून ते सप्टेंबर बॅग म्हणजे बुरशीचं माहेरघर. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशेचा आर्द्रता मोजणारा छोटा मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरायचे. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. तीन-चार लेन्स झाल्या की ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापरत राहणं.

रॉ की जेपेग?

रॉ म्हणजे सेन्सरवरची कच्ची फाइल, जेपेग म्हणजे तयार फोटो. दोन्ही एकदम सेव्ह करा, कार्ड स्वस्त आहेत. आज व्हॉट्सॲपवर टाकायला जेपेग, आणि दोन वर्षांनी एडिटिंग शिकलात की रॉ हाताशी.

कॅमेऱ्याशिवाय अजून किती पैसे लागतील?

आठ-दहा हजार बाजूला ठेवाच. कंपनीची एक जादा बॅटरी, ६४ जीबीची व्ही ३० (हा वेगाचा दर्जा) लिहिलेली दोन कार्डं, ब्लोअर, बॅग. कार्ड रस्त्यावरनं घेऊ नका, नकली खूप आहेत, कार्ड गेलं की सगळंच जातं. ट्रायपॉड लगेच नको, स्वस्तातला वाऱ्याने हलतो, चांगला पुढे कधीतरी घ्या.

दुकानात गेल्यावर काय बघू?

मुंबईत सीएसएमटीजवळची बोरा बाजार स्ट्रीट कॅमेऱ्यांसाठी जुनी प्रसिद्ध, पण ऑनलाइन भाव मोबाईलवर उघडून न्या, दुकानदार बरेचदा तेवढ्यात देतात आणि वर कार्ड नाहीतर बॅग घालतात. "बिल नको असेल तर स्वस्त लावतो" असं कुणी म्हणालं तर तो ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला माल असू शकतो, सोडून द्या. दोन-तीन कॅमेरे हातात धरा, खिडकीतनं बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा, कोपरे दिसतात का. बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावा, बॉडीवरचा सिरियल नंबर, बॉक्सवरचा आणि बिलावरचा तिन्ही जुळवा, आणि वॉरंटीचं रजिस्ट्रेशन काउंटरवर उभं राहूनच करून घ्या.